जोडणीची नोंदवही : लिनक्स संगणकावरील नेटवर्क व्यवस्था

ग्रामपंचायतीच्या कार्यालयात जन्माच्या दाखल्यासाठी आलेले ग्रामस्थ बाकावर बसून आहेत, संगणक सुरू आहे, तार जागच्या जागी आहे, राउटरवरील हिरवा दिवाही लुकलुकतो आहे. आणि तरीही संकेतस्थळ काही उघडत नाही, हा अनुभव संगणक परिचालकांना नवा नाही. अशा वेळी ‘लाईन गेली’ असे म्हणून काम दुसऱ्या दिवसावर ढकलले जाते आणि तालुक्याहून तंत्रज्ञ येण्याची वाट पाहिली जाते. वस्तुतः कित्येकदा लाईन गेलेलीच नसते. संगणकाने नेटवर्कमध्ये कोणत्या पत्त्याने वावरायचे, कोणत्या वाटेने बाहेर पडायचे आणि संकेतस्थळांच्या नावांची चौकशी कोणाकडे करायची, याविषयी त्याला दिलेल्या सूचनांत कोठेतरी चूक असते. ही चूक शोधणे व सुधारणे हे कार्यालयातील माणसालाही जमण्यासारखे काम आहे. ज्या संगणकांवर लिनक्स ही कार्यप्रणाली आहे, त्यांवर यासाठी एक स्वतंत्र खिडकी उपलब्ध असते. तिच्यातील रकान्यांचा अर्थ समजावून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

लिनक्सचा गाभा १९९१ साली फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने प्रथम जगापुढे ठेवला. तो कोणालाही विनामूल्य वापरता येतो, पाहता येतो व बदलता येतो. या गाभ्याभोवती निरनिराळ्या संस्थांनी आपापली वितरणे उभी केली. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने डेबियन या वितरणाच्या आधारे ‘बॉस’ म्हणजे ‘भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स’ हे भारतीय वितरण तयार केले. केरळ राज्यातील शाळांत संगणकशिक्षणासाठी अनेक वर्षे लिनक्सच वापरले जात आहे. मुक्त स्रोत आज्ञावलींचा शासकीय कामकाजात अंगीकार करण्याविषयीचे धोरण केंद्र शासनाने २०१५ साली जाहीर केले. दुसरीकडे, ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झालेल्या व पुढे ‘भारतनेट’ या नावाने ओळखल्या गेलेल्या योजनेमुळे देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत प्रकाशतंतूची केबल नेण्याचे काम हाती घेण्यात आले. महाराष्ट्रात त्याचा दुसरा टप्पा ‘महानेट’ या नावाने परिचित आहे. केबल गावापर्यंत आली, तरी शेवटची दहा फूट तार व तिच्या टोकाचा संगणक यांची व्यवस्था गावालाच पाहावी लागते, हे या ठिकाणी लक्षात घेतले पाहिजे.

नोंद वेगळी, उपकरण वेगळे

पूर्वी लिनक्स संगणकावर नेटवर्कची व्यवस्था लावायची, तर साध्या मजकुराच्या फाइली उघडून त्यांत पत्ते हाताने लिहावे लागत. एका जागी स्थिर असलेल्या यंत्राला ही रीत पुरेशी होती. परंतु मांडीवर घेऊन फिरण्याचे संगणक आले, बिनतारी जोडण्या आल्या, आणि सकाळी शाळेत, दुपारी पंचायत समितीत व रात्री घरी असा प्रवास करणाऱ्या संगणकासाठी तीच फाइल दिवसातून तीनदा बदलणे अशक्य झाले. ही अडचण दूर करण्यासाठी रेड हॅट या कंपनीने २००४ साली ‘नेटवर्कमॅनेजर’ या आज्ञावलीचा प्रकल्प हाती घेतला. आज बहुतेक प्रमुख वितरणांच्या मेजावरील आवृत्त्यांत तीच वापरली जाते. ती पडद्यामागे सतत जागी असते. तार जोडली गेली, वायफायचा संकेत आला किंवा गेला, की ती त्याप्रमाणे जोडणी करते अथवा सोडते.

या आज्ञावलीशी बोलण्यासाठी दोन दारे आहेत. पहिले म्हणजे पडद्याच्या कोपऱ्यातील लहानसे चिन्ह व त्यामागची साधी मांडणी. रोजच्या वापराला ते पुरते. दुसरे दार म्हणजे ‘ॲडव्हान्स्ड नेटवर्क कॉन्फिगरेशन’ या नावाने यादीत आढळणारी खिडकी. तिच्या माथ्यावर ‘नेटवर्क कनेक्शन्स’ असे लिहिलेले असते, आणि आज्ञा देऊन उघडायची असल्यास ‘एनएम-कनेक्शन-एडिटर’ हे तिचे नाव रोमन लिपीत टंकावे लागते. केडीई या मांडणीत तिची स्वतःची निराळी खिडकी असते. मात्र आतील रकाने बहुतांशी तेच.

खिडकी उघडल्यावर जोडण्यांची यादी दिसते. येथे नवशिक्याचा एक गोंधळ हमखास होतो. यादीत दिसतात ती उपकरणे नव्हेत, त्या नोंदी होत. एकाच शिक्षकाचे सकाळच्या सत्राचे व दुपारच्या सत्राचे वेळापत्रक वेगळे असावे, तसे एकाच जाळेपत्त्यासाठी म्हणजे नेटवर्क कार्डासाठी कितीही नोंदी करून ठेवता येतात. एका वेळी त्यांतील एकच अमलात असते. ‘कार्यालय’ नावाच्या नोंदीत ठरावीक पत्ता, ‘प्रशिक्षण’ नावाच्या नोंदीत आपोआप मिळणारा पत्ता, असे लिहून ठेवले की जागा बदलल्यावर केवळ नोंद निवडायची, आकडे पुन्हा भरायचे नाहीत. नोंदींना ‘वायर्ड कनेक्शन १’ अशी आपोआप पडलेली नावे तशीच ठेवण्याची सवय सर्वत्र दिसते. ती सोडलेली बरी. चार महिन्यांनी नवा परिचालक आला, की ‘१’ कोणते व ‘२’ कोणते हे सांगायला जुना परिचालक तेथे नसतो.

पत्त्याचा प्रश्न

नोंद उघडली की वरच्या बाजूस पानांची ओळ दिसते. त्यांत ‘आयपीव्ही४ सेटिंग्ज’ हे पान सर्वांत महत्त्वाचे. नेटवर्कमधील प्रत्येक यंत्राला एक अंकी पत्ता असतो. १९८१ साली निश्चित झालेल्या चौथ्या आवृत्तीच्या नियमांनुसार हा पत्ता चार आकड्यांचा असून, असे एकूण ४२९ कोटी ४९ लाखांहून काही अधिक पत्ते संभवतात. जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील मोकळे पत्ते फेब्रुवारी २०११ मध्येच संपले. त्याच्याही आधीपासून घरे, शाळा व कार्यालये यांच्या अंतर्गत वापरासाठी काही पत्ते राखून ठेवण्यात आले आहेत. १९२.१६८ या आकड्यांनी किंवा १० या आकड्याने सुरू होणारे पत्ते सर्वत्र दिसतात, त्याचे कारण हेच. वाड्यातील खोल्यांना एक ते दहा क्रमांक असावेत आणि शेजारच्या वाड्यातही तेच क्रमांक असावेत, त्यातलाच हा प्रकार. वाड्याच्या आत मात्र एकच क्रमांक दोन खोल्यांना देता येत नाही, आणि तंटा तेथूनच सुरू होतो.

‘मेथड’ या रकान्यात साधारणपणे ‘ऑटोमॅटिक’ असे असते. याचा अर्थ, संगणक सुरू झाल्यावर राउटरकडे पत्ता मागतो आणि राउटर आपल्याजवळच्या मोकळ्या पत्त्यांपैकी एक त्याला ठरावीक मुदतीसाठी देतो. जवळजवळ सर्व ठिकाणी हीच रीत योग्य असते. ‘मॅन्युअल’ म्हणजे हाताने पत्ता देणे. छपाईयंत्र किंवा ज्यावर सर्वांच्या फाइली ठेवल्या आहेत असा संगणक, यांचा पत्ता रोज बदलून चालत नाही; म्हणून त्यांना ठरावीक पत्ता दिला जातो.

समजा, एका शाळेत छपाईयंत्राला १९२.१६८.१.२५ हा पत्ता हाताने दिला. राउटरला ही गोष्ट कोणी सांगितलेली नाही. त्याच्या लेखी २५ हा क्रमांक मोकळाच आहे. एके दिवशी वर्गातील सर्व संगणक एकदम सुरू झाले आणि राउटरने तोच पत्ता एका विद्यार्थ्याच्या संगणकाला दिला. आता एकाच पत्त्याची दोन यंत्रे झाली. कधी छपाई होते, कधी होत नाही. तो एक संगणक कधी चालतो, कधी थांबतो. असा ‘कधी होते, कधी होत नाही’ स्वरूपाचा दोष माणसाला सर्वांत जास्त दमवतो. यंत्र बदलले जाते, तार बदलली जाते, कार्यप्रणाली पुन्हा बसवली जाते आणि दोष तसाच राहतो.

यावरील उपाय यंत्र बदलण्याचा नसून वाटणीचा आहे. राउटरच्या मांडणीत आपोआप वाटायच्या पत्त्यांची मर्यादा, उदाहरणार्थ १०० ते २०० अशी घालून द्यावी आणि हाताने द्यावयाचे पत्ते २ ते ५० यांमधून घ्यावेत. दोन्ही टोळ्या कधी एकमेकींत मिसळत नाहीत. हाताने पत्ता देताना तीन रकाने भरावे लागतात : पत्ता, नेटमास्क आणि गेटवे. नेटमास्क वाड्याची हद्द सांगतो. तो २५५.२५५.२५५.० असा असल्यास त्या हद्दीत २५४ यंत्रे मावतात. खिडकीत त्याऐवजी नुसते २४ लिहिले तरी तोच अर्थ होतो. गेटवे म्हणजे वाड्याचा दरवाजा, अर्थात राउटरचा पत्ता. हा आकडा चुकला, तर शेजारच्या खोलीतील छपाईयंत्र चालते, पण बाहेरचे एकही संकेतस्थळ उघडत नाही. दोषाच्या या लक्षणावरूनच चूक कोठे आहे, हे जाणकार ओळखतो.

त्याखालचा रकाना ‘डीएनएस सर्व्हर्स’ यांचा. संकेतस्थळाचे नाव दिल्यावर त्याचा अंकी पत्ता सांगणारी ही निर्देशिका. जुन्या टेलिफोन डिरेक्टरीचे काम ती करते. ती मिळाली नाही, तर वाट मोकळी असूनही संगणकाला जायचे कोठे हे कळत नाही. अंकी पत्त्याला ‘पिंग’ करून उत्तर येते, पण नावाला येत नाही, असे दिसले तर दोष या रकान्यात आहे असे खुशाल समजावे.

शाळांसाठी येथे एक उपयुक्त सोय आहे. ‘मेथड’मध्ये ‘ऑटोमॅटिक, ॲड्रेसेस ओन्ली’ असा पर्याय निवडला, तर पत्ता राउटरकडून येतो, परंतु निर्देशिका आपण लिहू तीच वापरली जाते. अयोग्य संकेतस्थळे गाळणाऱ्या निर्देशिका काही संस्था विनामूल्य चालवतात. त्यांतील एकीचा पत्ता वर्गातील संगणकांवर लिहून ठेवता येतो. मात्र असे केल्यावर शेजारचे ‘आयपीव्ही६ सेटिंग्ज’ हे पान विसरता कामा नये. पत्ते संपल्यामुळे आलेली ही सहावी आवृत्ती १२८ अंशांची असून, भारतातील मोबाईल कंपन्यांनी ती मोठ्या प्रमाणावर सुरू केली आहे. त्या पानावर ‘ऑटोमॅटिक’ तसेच राहिले, तर संगणकाला त्या मार्गाने दुसरी, न गाळणारी निर्देशिका मिळू शकते. पुढचे दार बंद करून मागचे उघडे ठेवावे, तसे ते होते. दोन्ही पानांवर सारखीच व्यवस्था केली, तरच गाळणी गाळणी ठरते. तीही पूर्ण संरक्षण नव्हे. ज्या विद्यार्थ्याला ही खिडकी उघडता येते त्याला ती बदलताही येते, म्हणून वर्गातील खाती प्रशासकाच्या अधिकाराविना असावीत.

दोन वाटा आणि एक दरवाजा

प्रकाशतंतूची केबल आणि तिला पर्याय म्हणून परिचालकाच्या मोबाईलवरील हॉटस्पॉट, अशी दुहेरी व्यवस्था आता अनेक कार्यालयांत असते. दोन्ही जोडण्या एकाच वेळी सुरू असल्यास संगणक कोणती वापरतो? नेटवर्कमॅनेजर प्रत्येक प्रकारच्या वाटेला एक क्रमांक देतो. तारेच्या जोडणीला १००, वायफायला ६००, मोबाईल मोडेमला ७००. ज्या वाटेचा क्रमांक लहान ती आधी, असा नियम. त्यामुळे तार जोडलेली असेपर्यंत वायफाय नुसतेच जोडलेले राहते.

आता रस्त्याच्या कामात गावाबाहेर केबल तुटली असे समजू. राउटर ते संगणक ही तार मात्र धड आहे. राउटरने दिलेला पत्ताही आहे. संगणकाच्या दृष्टीने तारेची वाट चालू आहे आणि तो सर्व मजकूर त्याच वाटेने, तुटलेल्या केबलकडे पाठवत राहतो. हॉटस्पॉट जोडलेला असूनही उपयोग होत नाही. अर्ज भरण्याची अखेरची तारीख असेल, तर या क्षुल्लक कारणापायी एखाद्याचा अर्ज राहून जातो, आणि खापर मोबाईलच्या संकेतावर फुटते. नेटवर्कमॅनेजरमध्ये यावर एक तोड आहे. ठरावीक वेळाने एक लहानशी फाइल दूरच्या संकेतस्थळावरून मागवून पाहायची आणि ती मिळाली नाही, तर त्या वाटेच्या क्रमांकात २०,००० मिळवायचे. म्हणजे ती वाट आपोआप मागे पडते. परंतु ही तपासणी सर्वच वितरणांत मुळातून सुरू नसते. जेथे ती नाही, तेथे कोपऱ्यातील चिन्हावरून तारेची जोडणी तात्पुरती तोडावी. तार उपटण्याचीही गरज नाही.

याच्या उलट प्रकारही घडतो. छपाईयंत्रापुरती एक तार लहानशा स्विचला जोडलेली आहे व इंटरनेट वायफायवरून येते. तार जोडली की इंटरनेट बंद, काढली की सुरू! कारण तेच : त्या तारेच्या नोंदीत गेटवे लिहिलेला असतो, तिचा क्रमांक लहान असतो, आणि संगणक त्या तारेवर बाहेर जायचा दरवाजा शोधत बसतो. यासाठी आयपीव्ही४ च्या पानावरील ‘रूट्स’ हे बटण दाबून उघडणाऱ्या चौकटीत ‘ही जोडणी केवळ तिच्या नेटवर्कमधील साधनांसाठी वापरावी’ अशा अर्थाच्या इंग्रजी ओळीपुढे खूण करावी. एवढ्याने प्रश्न सुटतो. या खिडकीतील सर्वांत उपयोगी आणि सर्वांत कमी वापरली जाणारी खूण कोणती, असे विचारल्यास हीच सांगावी लागेल. व्हीपीएनच्या नोंदीतही ती असते. कार्यालयीन व्हीपीएन जोडल्यावर केवळ कार्यालयाच्या सेवांपुरताच मजकूर त्या सुरक्षित बोगद्यातून जावा आणि बाकीचा नेहमीच्या वाटेने जावा, असे हवे असल्यास तेथेही खूण करायची. अर्थात, सर्व मजकूर बोगद्यातूनच जावा असा संबंधित कार्यालयाचा नियम असेल, तर ही खूण करू नये. सोयीपेक्षा नियम येथे मोठा आहे.

‘जनरल’ या पानावर आपोआप जोडण्याच्या प्राधान्याचा आणखी एक आकडा असतो. त्याचा वरील क्रमांकाशी संबंध नाही. एकाच उपकरणासाठी अनेक नोंदी असतील, तर आधी कोणती वापरायची हे तो ठरवतो. आणि येथे नियम नेमका उलटा, म्हणजे मोठा आकडा आधी. एकाच आज्ञावलीत एके ठिकाणी लहान आकडा श्रेष्ठ व दुसऱ्या ठिकाणी मोठा, ही रचना करणाऱ्यांनी वापरणाऱ्यांवर केलेली कृपा म्हणता येणार नाही. त्याच पानावर ‘मीटर्ड कनेक्शन’ असा पर्याय आहे. मोबाईलवरून मोजून मिळणाऱ्या जोडणीच्या नोंदीत तेथे ‘यस’ निवडले, तर ही सूचना पाळणाऱ्या आज्ञावली आपल्या मोठमोठ्या नव्या आवृत्त्या त्या जोडणीवरून परस्पर उतरवून घेत नाहीत. दिवसाचा डेटा दुपारच्या आत संपू नये, यासाठी ही खबरदारी घेण्यासारखी आहे.

एका जोडणीवर अनेक संगणक

राउटर बिघडला आहे किंवा मुळातच नाही, आणि एकाच संगणकावर मोबाईलमार्फत इंटरनेट आहे; वर्गातील इतर संगणकांना ते कसे द्यावे? त्यासाठी त्या संगणकाच्या मोकळ्या तारेच्या नोंदीत ‘मेथड’ या रकान्यात ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ हा पर्याय निवडावा व ती तार स्विचला जोडावी. संगणक स्वतःला साधारणतः १०.४२.०.१ असा पत्ता घेतो, इतरांना पत्ते वाटू लागतो आणि त्यांचा मजकूर आपल्या नावाने बाहेर पाठवतो. म्हणजे तो स्वतःच राउटर होतो. इतर संगणकांवर ‘ऑटोमॅटिक’ असले की पुरे. यासाठी ‘डीएनएसमास्क’ नावाची एक लहान आज्ञावली संगणकावर असावी लागते.

या सोयीचे दोन धोके ध्यानात ठेवावेत. पहिला असा की, हाच पर्याय चुकून कार्यालयाच्या मुख्य नेटवर्कला जोडलेल्या तारेवर निवडला गेला, तर तो संगणक सर्व कार्यालयाला पत्ते वाटू लागतो. खरा राउटरही वाटत असतोच. ज्यांना या संगणकाचा पत्ता मिळाला त्यांचे काम बंद पडते आणि ज्यांना राउटरचा मिळाला त्यांचे चालते. इमारतीतील निम्म्या टेबलांवर तक्रार व निम्म्यांवर शांतता, असे चित्र दिसले आणि तक्रार असलेल्या संगणकांचे पत्ते १०.४२ ने सुरू होत असले, तर असा कोणी नवा राउटर निर्माण झाला आहे का, हे आधी पाहावे.

दुसरा धोका विजेशी निगडित आहे. ‘जनरल’ पानावर ‘सर्व वापरकर्ते या नेटवर्कला जोडू शकतात’ अशी एक खूण असते. ती काढलेली असेल, तर ती नोंद करणारी व्यक्ती आपल्या खात्यात प्रवेश करीपर्यंत जोडणी होतच नाही. वीज जाऊन आली, संगणक पुन्हा सुरू झाला, पडद्यावर परवलीच्या शब्दाची चौकट आली. परंतु संगणकशिक्षक त्या दिवशी रजेवर आहेत. परिणामी त्या एका संगणकावर अवलंबून असलेला सगळा वर्ग बसून राहतो. सामायिक कामाच्या संगणकावर ही खूण असलीच पाहिजे.

परवलीचा शब्द कोठे राहतो

वायफायच्या सुरक्षेच्या पानावर परवलीचा शब्द लिहिण्याच्या रकान्यात उजव्या कडेला एक लहानसे चिन्ह असते. ते दाबल्यास पर्याय दिसतात : शब्द केवळ या वापरकर्त्यासाठी साठवावा, सर्वांसाठी साठवावा, की दर वेळी विचारावा. पहिल्या प्रकारात तो त्या व्यक्तीच्या कुलूपबंद साठ्यात राहतो. दुसऱ्या प्रकारात तो संगणकावरील एका फाइलीत साध्या अक्षरांत लिहिला जातो. ही फाइल केवळ मुख्य प्रशासकालाच वाचता येते, त्यामुळे सामान्य खात्यातून ती उघडत नाही. परंतु ज्याच्याजवळ प्रशासकाचा परवलीचा शब्द आहे, किंवा ज्याच्या हाती संगणकातील साठवणीची तबकडी पडली, त्याला तो शब्द वाचता येतो. जुने संगणक भंगारात काढताना त्यांतील तबकडी पुसून घेण्याचा आग्रह धरला जातो, त्याचे हे एक कारण आहे. व्हीपीएनचा शब्द सर्वांसाठी साठवू नये, तो दर वेळी विचारला जावा, हेच इष्ट.

वायफायच्या पानावरील ‘क्लोन्ड मॅक ॲड्रेस’ हा रकानाही समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक कार्डावर बारा खुणांचा एक कायम क्रमांक असतो. काही ठिकाणी राउटर केवळ नोंदलेल्या क्रमांकांनाच प्रवेश देतो. या रकान्यात ‘रँडम’ निवडले असेल, तर दर जोडणीला क्रमांक बदलतो. सार्वजनिक ठिकाणी माग काढला जाऊ नये म्हणून ते चांगले. शाळेच्या नोंदणीकृत नेटवर्कवर मात्र त्यामुळे दार बंद होते. तेथे ‘पर्मनंट’ निवडावे. ‘एमटीयू’ हा रकाना एका हप्त्यात किती मजकूर पाठवायचा याचा असून सहसा त्याला हात लावू नये. साध्या तारेवर हा आकडा १५०० असतो आणि पीपीपीओई पद्धतीच्या जोडणीत १४९२. लहान पाने उघडतात, मोठी अर्धवट अडकून राहतात, असे दिसल्यासच त्याचा विचार करावा. याखेरीज दोन तारा एकवटणारी ‘बाँड’, दोन नेटवर्क सांधणारी ‘ब्रिज’ व एकाच तारेत अनेक नेटवर्क खेळवणारी ‘व्हीलॅन’ या नोंदीही या खिडकीतून करता येतात. जिल्हा पातळीवरील यंत्रकक्षाबाहेर त्यांचे प्रयोजन क्वचितच पडते.

बदल का दिसत नाही

सर्व आकडे अचूक भरले, ‘सेव्ह’ दाबले, तरी संगणक पूर्वीसारखाच वागतो आणि माणूस पुन्हा आकडे बदलू लागतो. असे करता करता बरोबर भरलेलेही चूक होऊन बसते. यातील मर्म एवढेच की, ‘सेव्ह’ केल्याने नोंद बदलते, चालू असलेली जोडणी बदलत नाही. ती एकदा तोडून पुन्हा जोडल्यावरच नवे आकडे अमलात येतात. दूरच्या संगणकावर नेटवर्कमार्फतच काम करीत असताना हे करणे धोक्याचे असते. आकडा चुकला तर आपणच तोडलेल्या जोडणीच्या पलीकडे राहतो आणि तेथे प्रत्यक्ष जाण्याखेरीज इलाज उरत नाही. म्हणून चालू नोंदीत फेरफार करण्याऐवजी नवी नोंद करून पाहावी व जुनी तशीच ठेवावी.

काही संगणकांवर तारेचे उपकरण ‘व्यवस्थापनाबाहेर’ असल्याचे दिसते आणि खिडकीतील कोणत्याच बदलाचा परिणाम होत नाही. डेबियनवर आधारलेल्या वितरणांत त्या उपकरणाचे नाव जुन्या पद्धतीच्या ‘इंटरफेसेस’ या फाइलीत लिहिलेले असल्यास असे होते. दोघांनी एकाच उपकरणावर हुकूम चालवू नये म्हणून नेटवर्कमॅनेजर तेथे बाजूला होतो. त्या फाइलीतील संबंधित ओळी काढल्यावर तो पुन्हा ताबा घेतो.

आपण खिडकीत जे भरतो ते ‘ईटीसी’ या निर्देशिकेतील ‘नेटवर्कमॅनेजर’ व तीमधील ‘सिस्टीम-कनेक्शन्स’ या ठिकाणी, प्रत्येक नोंदीची एक याप्रमाणे, साध्या मजकुराच्या फाइलींत साठवले जाते. उबंटूच्या २३.१० या आवृत्तीपासून मात्र त्या वितरणात या नोंदी नेटप्लॅन या दुसऱ्या व्यवस्थेच्या निर्देशिकेत जातात. फाइलींची प्रत काढून ठेवली, तर संगणक बिघडल्यावर सर्व आकडे पुन्हा आठवत बसावे लागत नाही. नव्या संगणकावर त्या ठेवताना त्यांची मालकी प्रशासकाची व वाचण्याचा अधिकार केवळ त्याचाच असावा लागतो. तसे नसल्यास नेटवर्कमॅनेजर त्या फाइली मुकाट्याने दुर्लक्षितो. एवढे करूनही नोंद यादीत दिसते पण जोडली जात नाही, असे झाल्यास ‘डिव्हाइस’ हा रकाना पाहावा. त्यात जुन्या संगणकाच्या कार्डाचा क्रमांक राहून गेलेला असतो. तो पुसून रकाना रिकामा ठेवला, की तीच नोंद नव्या संगणकावर चालू लागते.